एक इंच सहा सूत

भंगारातून वस्तू करणाऱ्या माणसाला आपण काटकसरी आहोत असं वाटत असतं. त्याच्या घरच्यांचं मत वेगळं असतं. या मतभेदावर आमचा संसार बरीच वर्षं सुखाने चालला आहे, आणि हल्ली त्या संसाराच्या मधोमध एक लोखंडी रॅक उभा आहे. मधोमध का, तर तो पुढे जात नाही आणि मागेही जात नाही. ते यथावकाश सांगतो.

आम्ही काशीचे मराठी. म्हणजे पेशवाईत कोणी पूर्वज यात्रेला म्हणून आला, ब्रह्माघाटाजवळ उतरला आणि परतीचं सामान बांधायचा त्याने कंटाळा केला. तो कंटाळा घराण्यात अजून टिकून आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या पट्ट्यात आमच्यासारखी बरीच घरं आहेत. मराठी बोलता बोलता ‘का गुरु’ म्हणणारी आणि हिंदीत भांडता भांडता ‘अगं बाई’ म्हणणारी. अशा घरांतून वेदमूर्ती निघाले, वैद्य निघाले, ‘आज’ दैनिकाच्या बाबूराव विष्णु पराडकरांसारखे संपादक याच काशीत झाले. माझ्या वाट्याला हॅम रेडिओ आला.

हा छंद सरकारमान्य आहे. दिल्लीचं वायरलेस खातं परीक्षा घेतं, परवाना देतं, व्हीयू अक्षरांनी सुरू होणारं एक सांकेतिक नाव देतं. मग आपण घरात बसायचं आणि स्वतःच्या यंत्रावरून कुठल्या तरी दूरच्या, अनोळखी माणसाशी तासन्‌तास बोलायचं. घरातल्या ओळखीच्या माणसांशी बोलायचं राहून जातं ही हिची तक्रार, पण परवान्याच्या नियमांत त्याबद्दल काही म्हटलेलं नाही.

माझं मुख्य यंत्र ‘बिटएक्स’ जातीचं. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३च्या सुमारास हा आराखडा सगळ्या जगाला खुला करून दिला. साध्या बाजारात मिळतील तेवढ्याच भागांतून तो बांधायचा. त्यातली एक कॉइल तर चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळायची! ज्या छंदात नळाचा वॉशर शास्त्रशुद्ध मानला जातो, त्या छंदात माझ्यासारखा माणूस शिरला नसता तरच नवल. यंत्र मी हिच्या जुन्या स्टीलच्या डब्यात बसवलं आहे. झाकणासकट.

“मग डब्याएवढ्या यंत्राला सहा फुटी रॅक कशाला?” हिने विचारलं.

प्रश्न बिनतोड होता, म्हणून मी उत्तर लांबवलं. बाकीचं सामान असतं. जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला पॉवर सप्लाय असतो, अँटेनाचा ट्यूनर असतो, मीटर असतात. शिवाय दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या मालातला एक व्हॉल्व्हचा रिसीव्हर माझ्याकडे आहे. तो चालत नाही. पण वजनाला अजून खणखणीत आहे. परदेशी मासिकांतल्या छायाचित्रांत हॅम लोकांच्या पाठीमागे कसे उंचच उंच रॅक दिसतात, त्यात कशी यंत्रं रांगेने बसवलेली असतात! माझ्या पाठीमागे मात्र पापडाचे डबे दिसतात. हे मी बोललो नाही, पण मनात तेच होतं.

या रॅकचं माप जगभर एकच असतं. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या टेलिफोनवाल्यांनी सुरू केलेलं. पुढची पट्टी १९ इंच रुंद. उंची मोजायची ती ‘यू’मध्ये, आणि एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. तयार रॅकची किंमत विचारायला मी एका दुकानाला फोन केला आणि आकडा ऐकून तो अदबीने खाली ठेवला. त्या क्षणी मला आठवला कूलरचा स्टँड.

बनारसचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला कूलरचा स्टँड समजावून सांगायला नको. प्रत्येक खिडकीबाहेर अँगलचा एकेक असतो. कूलरचा पत्रा चार-पाच वर्षांत कुजतो, खस नाहीशी होते, मोटर चोरीला जाते. स्टँड तेवढा मागे राहतो, वारसाहक्काने. इथल्या लंका मोहल्ल्यात राहणाऱ्या माझ्या चुलतभावाकडे असे दोन होते. “घेऊन जा, फुकट घे,” तो म्हणाला आणि इतक्या लगबगीने दार लावून घेतलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. ई-रिक्षावाल्याने स्टँडची दोन भाडी वेगळी लावली. त्याचंही बरोबर होतं. सीटवर ते बसले होते, मी बाहेर लोंबकळत होतो. वाटेत सोनारपुऱ्याजवळ एका स्टँडचा पाय एका सांडाला लागला. सांडाने काही केलं नाही, नुसतं वळून पाहिलं; पण रिक्षावाल्याने त्या पाहण्याचेही पैसे घेतले.

आतल्या फळ्यांसाठी लाकूड हवं होतं. यंत्रमाग आले तसे बनारसचे किती तरी हातमाग मोडीत निघाले. मदनपुऱ्यात एका विणकराच्या घरी अशाच एका मागाची लाकडं कोपऱ्यात रचून ठेवली होती, हाताने घासून घासून गुळगुळीत झालेली.

“इससे क्या बनाइएगा?” त्याने विचारलं.

“रेडियो का रैक.”

त्याने बराच विचार केला. “अब्बा ने इसी पर साड़ियाँ बुनीं. अब आप हवा बुनिए.” एवढं बोलून त्याने लाकडांचे पैसे घेतले, चहा पाजला आणि वरकड म्हणून जॅकार्डच्या पट्ट्यांचा एक गठ्ठाही दिला. पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या, भोकाभोकांच्या. कुठला धागा उचलायचा आणि कुठला नाही हे त्या भोकांवरून मागाला कळतं. १८०४ सालची ही फ्रेंच युक्ती. पुढे कॉम्प्युटरवाल्यांनी तीच उचलली. मी त्या पट्ट्या रॅकच्या दोन्ही अंगांना जाळी म्हणून लावायच्या ठरवल्या, यंत्रांना हवा लागावी म्हणून. हिने एक पट्टी उजेडात धरून पाहिली. “म्हणजे साडीचं सगळं आणलंत,” ती म्हणाली. “फक्त साडी तेवढी राहिली.”

आता वेल्डिंग. त्यासाठी लोहटिया. हा मैदागिनजवळचा लोखंडाचा बाजार. तिथे माणसं एकमेकांशी हातोड्याच्या आवाजावर बोलतात. मिस्त्रीसमोर मी मोठ्या अभिमानाने माझा कागद ठेवला. ४८२.६. ४६५.१. ४४.४५.

“ई का हौ?”

“मिलीमीटर.”

त्याने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. “गुरु, दशमलव के बाद वाला हम नहीं काटते. हमारी तो ब्लेड ही उससे मोटी है.”

मी हिरमुसलो. तिथेच एका खोक्यावर बसून सगळं इंचात करायला घेतलं. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. पावणेदोन इंच म्हणजे एक इंच सहा सूत. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. आपले सुतार-लोहार सगळे त्यातच मोजतात. मग भोकांची अंतरं पाहिली. एका यूमध्ये तीन भोकं असतात आणि त्यांच्यामधली अंतरं सारखी नसतात. मिलिमीटरमध्ये ती १५.९, १५.९ आणि १२.७ अशी चमत्कारिक दिसतात. सुतात करून पाहिलं तर पाच, पाच आणि चार! बेरीज चौदा. चौदा सूत म्हणजे बरोबर एक इंच सहा सूत. उरलं काहीच नाही.

“पाँच, पाँच, चार,” मी मिस्त्रीला म्हटलं.

त्याचा चेहरा उजळला. “त अइसे बोला ना!”

अमेरिकन टेलिफोनचा अख्खा कारभार लोहटियाच्या मापात इतका चपखल बसलेला पाहून मला भरून आलं. अडचण एकाच ठिकाणी आली. डावी-उजवी भोकं एकमेकांपासून साडेअठरा इंचांच्या जरा आत, म्हणजे अठरा इंच अडीच सूत अंतरावर हवीत. अर्धं सूत मिस्त्रीला पसंत नव्हतं. “आधा सूत ऊपरवाला देख लेगा,” तो म्हणाला. वरच्याने पाहिलं नाही. त्याला काशीत इतर कामं असतात.

आणि मग हिशेब. चाळीस यूचा रॅक, प्रत्येकी तीन भोकं, दोन खांब, एकूण २४० भोकं. मिस्त्रीने दर भोकामागे पैसे लावले. लोखंड माझं होतं, फुकटचं. पैसे मोजले ते लोखंड नसलेल्या जागेचे.

रॅक तयार झाला. करडा रंगही दिला. तो नीट वाळला नव्हता, पण संध्याकाळी मिस्त्रीला दुकान मोकळं हवं होतं. आमच्या गल्ल्यांत गाडी येत नाही, तेव्हा मिस्त्रीची चार पोरं रॅक खांद्यावरून आणून द्यायला तयार झाली. रंग खरवडू नये म्हणून हिने दिलेली जुनी पिवळी साडी रॅकभोवती गुंडाळली आणि सुतळीने तीन ठिकाणी आवळून बांधली. रॅक आडवा केला. चौघांनी उचलला. मी वाट दाखवायला पुढे, हातात उरलेल्या रंगाचा डबा, तारेने लोंबता.

मराठी वाचकाला पुढचं सांगायला नको. पण आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं, ही गोष्ट मी शपथेवर सांगायला तयार आहे.

मैदागिनच्या चौकातून रात्रंदिवस मणिकर्णिकेकडे प्रेतयात्रा जात असतात. तिथल्या लोकांना चार खांद्यांवरची, पिवळ्या कापडातली, सहा फुटी वस्तू ओळखायला दुसरी खूण लागत नाही. पानवाल्याने चुन्याची बोटं पुसून हात जोडले. एका स्कूटरवाल्याने इंजिन बंद केलं. पाचसहा भले लोक पुण्य म्हणून चार पावलं चालायला मागे लागले आणि त्यांतल्या एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, रॅकबद्दल कौतुक वाटतंय.

“बहुत हल्के हैं,” तो मागच्या पोराला म्हणाला. “बहुत दिन बीमार रहे का?”

“नाहीं चाचा, अंदर से खोखला हौ.”

चाचांनी मान हलवली. “अंत में सब खोखले हो जाते हैं.”

मैदागिनला मणिकर्णिकेच्या वाटेला न वळता आम्ही भैरोनाथच्या बाजूला निघालो, तशी गडबड उडाली. “ए भइया! मणिकर्णिका ओहर हौ, ओहर!”

“मालूम हौ,” पुढचा पोरगा ओरडला. “इनके घरे ले जात हई.”

त्यानंतर जी शांतता पसरली तेवढी शांतता मैदागिनला मी जन्मात अनुभवली नव्हती. पुण्य करायला आलेले सगळे जागच्या जागी थांबले आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिले.

खरी कसोटी आमच्या गल्लीत होती. कोपऱ्यावरच्या माई खिडकीत होत्या. माईंना ऐकू कमी येतं, पण कोणाच्या घरी काय झालं हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.

“कोण गेलं रे?”

“कोणी नाही माई. रॅक आहे, रॅक!”

“रॅक?” माईंनी आठवून पाहिलं. “कुठले हे? सांगलीचे का?”

“लोहटियाचे!” मी ओरडलो. ओरडताना माणूस व्याकरणाकडे लक्ष देत नाही.

“लोहटियात आपलं कोणी राहतं हे ठाऊकच नव्हतं हो मला. वय काय होतं?”

“नवीन आहे माई, नवीन! आजच केला!”

“अरेरे,” माई म्हणाल्या. “तरुणच की.”

संध्याकाळी माईंच्या घरून पिठलं-भात आला. हिने तो परत पाठवला नाही.

माझी रेडिओची खोली माडीवर आहे. माडीचा जिना दगडी, आणि मधे अशा ठिकाणी वळतो की बांधणाऱ्याला शत्रूची भीती असावी. रॅक त्या वळणावर वळेना. उभा करून पाहिला, तिरका करून पाहिला, पोरांनी डोक्यावर घेऊन पाहिला. मग चौकातून सोप्यात घ्यावा म्हटलं, तर सोप्याचं दार अरुंद निघालं, आणि ज्या दारातून आत आला त्या दारातूनही तो आता बाहेर जाईना. हे भूमितीत बसत नाही, पण आमच्या वाड्यात बसलं. तेव्हापासून तो तिथेच उभा आहे. घरातले सगळे स्वयंपाकघरात जाताना त्याला वळसा घालून जातात. पाहुण्यांतल्या एक बाई तर नमस्कार करून गेल्या.

१९४२ साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरात पकडले जाईपर्यंत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, आणि पोलिसांना चकवायला ते यंत्र सतत या घरातून त्या घरात हलवत राहिले. हे मी हिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. “त्यांच्याकडे रॅक नव्हता म्हणून,” ती म्हणाली.

यंत्रं बसवली आणि वेगळाच प्रकार सुरू झाला. रॅकला हात लावला की मुंग्या येत. कारण साधं होतं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला अर्थिंग मिळालं नाही की त्याच्या पेटीवर मेनच्या निम्मं, म्हणजे ११५च्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. त्यातून वाहणारा प्रवाह अगदी थोडा असतो; माणूस दगावत नाही, दचकतो. आणि आमच्या वाड्याच्या वायरिंगमध्ये अर्थची तिसरी तार कोणी ओढलेलीच नाही. मी हे शेजारच्या आजोबांना समजावून सांगत होतो, तेवढ्यात त्यांनी रॅकवर हात टेकला. पाचेक मिनिटं टेकलेलाच ठेवला.

“गुडघ्याला बरं वाटतंय,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते दोन मित्रांना घेऊन आले. तिसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाचा साडू आला, तो थेट रामनगरहून, नदी ओलांडून. सकाळी सात ते आठ चौकात चार म्हातारे रॅकला हात लावून बसू लागले. ही त्यांना चहा देऊन थकली. शेवटी मी अर्थिंग करायचं ठरवलं: खड्डा, त्यात तांब्याची सळई, भोवती मीठ आणि कोळसा. आता काशीत खणणं ही नाजूक बाब आहे. मी रात्री खणलं, आणि लवकर बुजवलं. सकाळी आजोबांनी हात लावला, काढला, पुन्हा लावला. “बिघडवलंत तुम्ही,” ते म्हणाले, आणि त्यांनी अजून माझ्याशी धड बोलणं सुरू केलेलं नाही.

सगळं सामान लावून झाल्यावर कळलं की चाळीस यूपैकी जेमतेम नऊ भरले. स्टीलचा डबा तर एका फळीच्या कोपऱ्यात हरवून गेला. उरलेला रॅक म्हणजे नुसत्या खिडक्या, पलीकडची तुळस दिसणाऱ्या. हे बरं दिसेना. म्हणून मी पत्र्याची कोरी पॅनेलं लावली. कोरी पॅनेलंही बरी दिसेनात, म्हणून त्यांवर दालमंडीतून आणलेले जुने मीटर, बटणं आणि लाल-हिरवे दिवे बसवले. यांतला एक व्होल्टमीटर सोडला तर कशालाच काही जोडलेलं नाही. पण येणारे जाणारे आधी तिथेच थांबतात. बिल वाटायला आलेल्या माणसाने व्होल्टमीटरकडे बोट दाखवलं.

“इससे का पता चलता है?”

“लाइट कितनी आ रही है.”

“ऊ त पंखा देख के भी पता चल जाला.”

या सगळ्यात रेडिओवर बोलायला वेळ कमीच मिळतो, पण मिळतो. आमच्या मंडळींत एक रीत आहे. आवाज कसा ऐकू येतो याचे गुण द्यायचे. सर्वांत चांगला तो ५९. मी ७ मेगाहर्ट्झवर हाक मारली की कोणी तरी उत्तर देतो: “आपका सिग्नल फाइव्ह नाइन, एकदम क्लिअर! आपका नाम और गाँव फिर से बताइए, कुछ सुनाई नहीं दिया.” नाव-गाव झालं की पुढे अवाक्षर दुसरं नाही. तुमचा रॅक कसला, माझा रॅक कसला. परवा एक नागपूरकर भेटले. त्यांनी शाळेच्या मोडक्या बाकांतून केला आहे. आम्ही पाऊण तास बोललो. त्यांचाही दारातून जात नाही.

अँटेनाचं मी मुद्दामच फारसं बोललो नाही. तिला सुमारे २० मीटर तार लागते, आणि इथली माकडं तारेबाबत अनुभवी आहेत. घाटांवर ओढलेली ऑप्टिकल फायबर त्यांनी चावून टाकल्याची बातमी २०१५ साली जगभर छापून आली होती. माझी तांब्याची आहे. ती माकडं खात नाहीत, तिच्यावर झोके घेतात. मोठा नर लोंबकळला की पुण्याचं स्टेशन बंद पडतं आणि कोलंबोचं लागतं.

खर्चाचा आकडा हिने एका वहीत मांडला आहे. दोन्ही रिक्षाभाडी, सांडाचं वेगळं, लाकूड, भोकं, रंग, पोरांची मजुरी, मीठ, कोळसा, म्हाताऱ्यांचा चहा. तेवढ्यात तयार रॅक दोन आले असते, आणि दुकानदाराने ते सुटे करून, माडीवर नेऊन, वर जोडून दिले असते. मी वही नीट पाहिली. पिठलं-भात तिने जमेच्या बाजूला धरलेला नाही, तो धरायला हवा.

तर वाचकांना विनंती. कोणाकडे १९ इंची पॅनेल, बंद पडलेला अँप्लिफायर, मीटर, काहीही पडून असेल तर कळवावं. चालू असलंच पाहिजे असं नाही. एकतीस यू अजून रिकामे आहेत. फक्त दोन अटी आहेत: वस्तूची वाजवी किंमत घ्यावी, आणि ती घरपोच पाठवावी. फुकट वस्तू आणणं आता मला परवडत नाही.